उभ्या गाडीचा अपघात

आमच्या घरातला पहिला मोटार अपघात झाला तेव्हा गाडी कुणीही चालवत नव्हतं.

विमा कंपनीच्या माणसालाही मी अगदी हेच सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि मला परत विचारलं. मीही परत तेच सांगितलं. खरं बोलणाऱ्या माणसाकडं लोक एवढ्या संशयानं का बघतात, कळत नाही.

गाडी घ्यायचं ठरवलं ते माझ्या आईनं. आई लातूरच्या सरकारी दवाखान्यातून इन्चार्ज सिस्टर म्हणून रिटायर झाली. शेजारच्या रेहानाआपा त्याच दवाखान्यात, त्याच वॉर्डात आणि बहुतेक वेळा त्याच ड्यूटीला. दोघींनी मिळून जन्मभर लातूरकरांना इंजेक्शनं दिली. त्यामुळं निम्मं लातूर या दोघींना चेहऱ्यानं ओळखतं, आणि त्या दोघी निम्म्या लातूरला... (असो. इंजेक्शन कुठं देतात ते तुम्हाला माहीत आहे.)

रिटायर झाल्यावर दोघींची अडचण अशी झाली, की कुठं जायचं म्हटलं की कुणाची तरी वाट बघत बसायचं. मी नांदेडला कॉलेजात फिजिक्स शिकवतो, आपांचा इम्रान पुण्याला. आम्ही दोघंही फोनवर फार कर्तव्यदक्ष. 'येत्या रविवारी येतो, मी नेतो तुम्हाला' हे वाक्य आम्ही इतक्या रविवारी म्हटलं, की शेवटी आई ड्रायव्हिंग क्लासला गेली. लायसन्स हातात पडल्यावर तिनं मला फोन करून कळवलं. विचारलं नाही, कळवलं.

मग इलेक्ट्रिक गाडीचं निघालं. धूर नाही, आवाज नाही, पंपावर रांग नाही. "रात्री सलाईन लावल्यासारखी लावायची, सकाळी पेशंट ठणठणीत," असं आईचं म्हणणं. दोघींनी मिळून घ्यायची, आईनं चालवायची आणि आपांनी शेजारी बसून रस्ता सांगायचा, अशी वाटणीही झाली होती. इम्राननं पुण्याहून 'या वयात?' म्हणून बराच विरोध केला. माझाही आतून होताच, पण नांदेड जवळ, त्यामुळं मला आईच्या तोंडावर बोलायचं होतं आणि त्याला फोनवर, हा फरक लक्षात घ्या. अखेर तह झाला. एकदा गाडी चालवून बघायची. सगळं नीट झालं तर बुकिंग. जराशी जरी गडबड झाली तर विषय कायमचा बंद. दोघींनी शब्द दिला. आणि गडबड होऊ नये म्हणून देखरेखीला नांदेडहून मला बोलावण्यात आलं.

शोरूममध्ये शिंदे नावाचे पिकल्या मिशीचे सेल्समन होते. त्यांनी रीतीप्रमाणे किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडीची सगळी माहिती मलाच सांगायला सुरुवात केली. आई शांतपणे ऐकत होती. त्यांचं झाल्यावर तिनं माझ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "आज ही गाडी कुठं लागली, तर विमा कुणाचा?"

शिंदेंचा चेहरा पडला. मीही ओशाळलो. तिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, गाडीला हात लावायच्या आधी असं कशाला बोलायचं?

"ऑपरेशनच्या आधी सही घेतो आपण," आई म्हणाली. "म्हणजे पेशंट मरावा असं असतंय का आपल्या मनात?"

शिंदेंनी सांगितलं, टेस्ट ड्राइव्हच्या गाडीचा विमा शोरूमचाच असतो, चालवणाऱ्याकडं लायसन्स पाहिजे एवढंच. आईनं तेवढ्यावर सोडलं नाही. गाडीला चारही बाजूंनी फेरी मारून आधीचे ओरखडे फोनमध्ये टिपून घेतले आणि ते शिंदेंना दाखवून कबूलही करून घेतले. वॉर्डचा चार्ज घेताना ती असाच घ्यायची म्हणे.

मग आईनं गाडी काढली, आपा तिच्या शेजारी, मी आणि शिंदे मागं, आणि आम्ही औशाच्या रस्त्याला लागलो. खरं सांगतो, मी मागच्या सीटवर दोन्ही हातांनी समोरची सीट धरून बसलो होतो, आणि थोड्या वेळानं लाजून हात मांडीवर घेतले. आई झकास चालवत होती. ट्रकला वाट देत होती, एसटीच्या मागं संयमानं राहत होती, वळणाला इंडिकेटर देत होती. (हे शेवटचं बघून मागचे लोक गोंधळत होते.) एकच गंमत होती. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की ही गाडी आपोआप मंद होते, त्यामुळं आई पाय उचलेल तसे आम्ही सगळे एकदम पुढं वाकायचो. समोरून येणाऱ्यांना वाटत असावं, फार नम्र माणसं आहेत गाडीत.

औशात शिरल्यावर चहाला थांबलो. किल्ल्याकडं जाणारा उताराचा रस्ता, त्याच्या मध्यावर टपरी. आपांचे गुडघे दुखत होते म्हणून त्या मागच्या सीटवर जाऊन पाय पसरून बसल्या आणि पिशवीतले पेरू कापायला घेतले. आईला विम्याचं आणखी विचारायचं होतं, तिनं शिंदेंना टपरीच्या बाकावर बसवून घेतलं. आणि मला, देखरेखीला आलेल्या माणसाला, फोटो काढायची हुक्की आली. गाडी, मागं किल्ल्याचा बुरूज आणि पुढं मी. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला फोटो पाहिजे होता. खाली काही लिहिणार नव्हतो. बघणाऱ्यानं गाडी माझी समजली तर मी काय करणार?

आईला म्हटलं, जरा किल्ली दे. गाडी उताराच्या वरच्या टोकाला नेली, वळवून तोंड किल्ल्याकडं केलं. नांदेडला माझी जुनी डिझेल गाडी आहे. तिच्यात न्यूट्रल करायचं आणि हँडब्रेक ओढून उतरायचं, हे माझ्या हाडात मुरलंय. इथं गिअरच्या जागी गोल खटका होता, तो फिरवून एन केला. हँडब्रेकसाठी डावा हात खाली गेला, तर तिथं चहाचा कप ठेवायची जागा. शोरूममध्ये शिंदे हँडब्रेकऐवजी असलेल्या पार्किंगच्या बटणाबद्दल काहीतरी सांगत होते, तेव्हा मी 'माहीत आहे, माहीत आहे' म्हटलं होतं. गाडी मुळात आवाज करत नसल्यामुळं बंद झाली असंच वाटलं. दार उघडल्यावर तिनं टिंग टिंग केलं. मला वाटलं, निरोप देते आहे.

चार पावलं वर जाऊन मी गाडीकडं पाठ केली, फोन उंच धरला. पहिला फोटो चांगला आला. दुसऱ्यात माझा डोळा मिटला होता आणि गाडी जरा लहान वाटत होती. मी हात जवळ घेतला. तिसऱ्यात मी छान हसतोय आणि गाडी आणखी लहान. कॅमेऱ्याचं काहीतरी बिघडलं म्हणून मी सेटिंग तपासत बसलो. अकरावीच्या पोरांना मी दरवर्षी उतरत्या पृष्ठभागावरची गती शिकवतो, हे इथं मुद्दाम सांगत नाही.

मागं वळून बघितलं तेव्हा जिथं गाडी होती तिथं रस्ता होता.

टपरीवर काय चाललं होतं ते मला नंतर शिंदेंनीच सांगितलं. बॅटरीत पाणी गेलं तर विमा मिळतो का, घरचा चार्जर जळाला तर, उंदरानं वायर कुरतडली तर, असं सगळं विचारून झाल्यावर आईनं विचारलं, "आणि उभी गाडी कुणाला जाऊन धडकली तर?"

शिंदे हसले. म्हणाले, "सिस्टर, उभी गाडी कशी जाऊन धडकंल?"

त्याच वेळी गाडी त्यांच्यासमोरून गेली. चालत्या माणसाच्या वेगानं, एक शब्द न बोलता. पुढं कुणी नाही, मागं रेहानाआपा. आपांनी खिडकीतून आईला हात दाखवला.

त्यांना मी गाडी चालवतोय असं वाटत होतं. पुढच्या सीटची पाठ उंच, त्यांच्या मांडीवर पेरूची ताटली, नजर खाली. माझ्याशी गप्पाही चालल्या होत्या. आईला फोन करत जा, बायकोला घेऊन लातूरला येत जा, इम्रानला तू समजाव, असं बरंच काही त्या रिकाम्या सीटला सांगत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "तू एकदाबी उलटून बोलला न्हाईस बेटा. मला वाटलं, शहाणा झाला पोरगा."

शिंदे जागच्या जागी गोठले होते. मी वरून पळत होतो आणि फोन अजून उंच धरलेला होता. (त्याचा व्हिडिओ झालाय, तो मी कुणाला दाखवत नाही.) पण आई एव्हाना गाडीच्या बाजूनं धावत होती. साडीच्या निऱ्या एका हातात, आणि तोंडानं फक्त एकच, "बाजूला व्हा, बाजूला व्हा." ओरडणं नव्हतं ते. वॉर्डात स्ट्रेचर येताना सिस्टर ज्या आवाजात बोलतात तो आवाज. लहानपणी त्या आवाजात 'अभ्यास कर' म्हटलं की मी जेवतानासुद्धा पुस्तक उघडायचो. रस्ता असा मोकळा झाला, की मी आजही आठवून थक्क होतो. शेंगावाला गाडा घेऊन कडेला झाला, सायकलवाला उतरून उभा राहिला, दोन म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून भिंतीला टेकल्या. कुणी 'काय झालं' विचारलं नाही. आधी बाजूला झाले, मग बघितलं.

मोकळ्या रस्त्यानं गाडी खाली गेली, एका बैलगाडीच्या जुवाला डाव्या आरशानं टपली मारली आणि कडब्याच्या गंजीत नाक खुपसून थांबली. शेजारी बांधलेल्या म्हशीनं बॉनेटवर पडलेली पेंढी खायला सुरुवात केली.

कडब्याचे मालक बाजेवरून उठून आले. खिडकीत वाकून विचारलं, "मावशी, डायवर कुठंय?"

"पुढं हाय की," आपा म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदा पुढच्या सीटवर डोकावून बघितलं.

आई पोहोचली. आधी आपांची मान तपासली, नाडी बघितली, डोळ्यांत बघितलं, बोटं हलवायला लावली. त्यांना काही झालं नव्हतं, पेरूसुद्धा ताटलीतच होते. मग हात लांब करून तिनं पुढचं ते पार्किंगचं बटण दाबलं. मग मालकांना, म्हशीला कुठं लागलं नाही ना, विचारलं. एवढं होईपर्यंत मी धापा टाकत पोहोचलो.

"तुला लागलं का?"

"मी गाडीत नव्हतो."

"ते दिसलं," आई म्हणाली.

बंपरला ओरखडा गेला होता आणि आरसा लटकत होता. शिंदे बारीक आवाजात नोकरीबद्दल काहीतरी पुटपुटत होते. परत येताना आईच चालवत होती, पुढं वाकण्याचा कार्यक्रमही चालू होता. माझ्या मनात एकच. तह मोडला. दोघींनी एवढी हौस केली, आई या वयात गाडी शिकली, आणि विषय कायमचा बंद केला तो देखरेखीला आलेल्या माणसानं.

शोरूममध्ये आईनं मॅनेजरना स्वतः सगळं सांगितलं. शिंदेंना तिनं बसवून ठेवलं होतं, किल्ली तिनं दिली होती आणि गाडी तिच्या मुलानं सोडली होती, तेव्हा शिंदेंना बोल लावायचा नाही. त्या आवाजापुढं मॅनेजरही बाजूला झाले. गाडीचा विमा होता, सकाळचे फोटो होते, त्यामुळं कुठला ओरखडा जुना आणि कुठला माझा यावर वादच झाला नाही. विमा कंपनीच्या माणसाला फक्त चालकाचं नाव पाहिजे होतं, आणि ते त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. बरंच डोकं खाजवून त्यानं 'गाडी उभी असताना' असं लिहून घेतलं.

संध्याकाळी इम्रानचा फोन आला. मी मान खाली घालून बसलो. आपांनी स्पीकर लावला, त्याला सगळं सविस्तर सांगितलं, काही लपवलं नाही. तो खूश होऊन म्हणाला, "बघा अम्मी, ठरलं होतं आपलं. गडबड झाली की विषय बंद."

"गडबड झाली बेटा," आपा म्हणाल्या. "पण आमच्याकडून न्हाई झाली, पोरांकडून झाली. म्हणून आम्ही ठरवलंय, पोरांना गाडी द्यायची न्हाई."

आई माझ्याकडं बघत होती. मग मी फोनजवळ तोंड नेऊन म्हटलं, "इम्रान, मी आज आईला गाडी चालवताना बघितलं. आणि गाडीमागं धावतानाही बघितलं. तू मध्ये पडू नकोस." हे वाक्य मी आयुष्यात जरा उशिरा बोललो, पण बोललो.

दुसऱ्या दिवशी बुकिंग झालं. विमा घेताना आईनं एजंटला असं तपासलं, की तो बिचारा जाताना तिच्याकडूनच ब्लडप्रेशर मोजून घेऊन गेला.

गेल्या महिन्यात दोघी लातूरहून नांदेडला आल्या. आमच्या सोसायटीच्या गेटातून गाडी आत आली, आईनं एकाच दमात दोन गाड्यांच्या मधे रिव्हर्स लावली, आणि बाल्कन्यांतून बघणाऱ्या लोकांकडं मी असं बघितलं, जसं काही मीच तिला बोट धरून शिकवलंय. मग माझी बायको आणि दोन्ही मुलं गाडीत बसली आणि पाची जागा भरल्या. गोदावरीच्या पुलापर्यंत चक्कर मारून ते सगळे परत आले, आणि आमच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडून मी गाडी चार्जिंगला लावली. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय अडकू नये म्हणून वायरशेजारी खुर्ची टाकून बसलो.

वरच्या मजल्यावरचे देशमुख सर जाता जाता थांबले. "सर, गाडी लई भारी हाय. कुणाची?"

"आईची," मी छाती फुगवून सांगितलं. "तीच चालवते."

"अन् तुम्ही?"

"मी वायर सांभाळतो."