फानीच्या कबरीभोवती

पुलेंगला कोणी "ती गाडी विकून टाक" म्हटलं की ती हातातला पाना खाली ठेवायची, आणि मग समोरच्याची धडगत नसायची. "का विकू? तू तुझी बायको विकलीस का?" असं ती एकदा आमच्या पाद्र्याच्या भावाला भर रस्त्यात म्हणाली होती. बिचारा बायकोला शेजारी घेऊनच उभा होता.

मी तेबोहो. काटलेहाँग या आमच्या काळ्यांच्या वस्तीत तिच्या टायरच्या दुकानाला लागूनच माझं डेंटिंगचं शेड आहे. उभी हयात लोकांच्या गाड्यांची चेपलेली थोबाडं सरळ करण्यात गेली. पण त्या गाडीइतका त्रास मला दुसऱ्या कुठल्याच गाडीनं दिला नाही, आणि त्या गाडीइतकी मजाही नाही.

गाडी तिच्या थोरल्या भावाची, मोलेफीची. जुनी, जर्मन, दोन दारांची. पोरं तिला गुशेशे म्हणतात. नवीकोरी स्पोर्ट्सकार आमच्यापैकी कोण घेणार? ही मात्र कुणाच्या तरी अंगणात विटांवर गंजत पडलेली असते, चार आठवडे गोड बोलत राहिलं की मिळते. वजनाला हलकी, आणि जोर सगळा मागच्या चाकांना. जरा पाय दाबला की मागचं धड भर्रकन बाजूला निघतं, आणि मग ते आवरायचं की नाचवायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं. रस्ता कसा आहे ते बुडाला कळतं. गरिबाला एवढं सुख कुठल्या दुकानात मिळतं, सांगा.

आणि ताप म्हणाल तर तोही भरपूर. पावसात तिच्यावर भरवसा ठेवणारा शुद्ध गाढव. मोलेफीनं ती अजून हलकी करायची म्हणून मागची सीट काढली, गालिचे काढले, थंड हवेचं यंत्र काढलं, दारांच्या आतले पुठ्ठेसुद्धा काढले. उरला नुसता पत्रा. रविवारी चर्चला जायचं तर आई त्याच्या शेजारी बसायची आणि पुलेंग उन्हात पायी यायची. "तीन माणसांच्या घरात दोन माणसांची गाडी! अरे, त्यापेक्षा गाढवाची गाडी घेतली असतीस," असं आई रोज म्हणायची आणि रोज सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची. आमच्याकडे बाईला पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात, म्हणून ती मा-मोलेफी. ती बसली की सीटवरची धूळ आधी शालीच्या टोकानं पुसायची, मग चेहरा असा करायची की जणू उपकार करतेय.

मैदानावर मोलेफी गाडी गोल फिरवायचा तेव्हा लोक पिंपांवर चढून बघायचे. टायरांचा धूर, रबराचा वास, बायकांच्या शिट्ट्या. अशाच एका रविवारी वस्तीतला गुंड फानी ड्लामिनी त्याच्या टोळक्यासकट आला. त्याला ती गाडी हवी होती. मोलेफी हसून म्हणाला, "फिरवायला घे दादा. ठेवायला नाही." फानीला हसणारी माणसं आवडत नसत. त्यानं दाराला पिस्तूल टेकवलं आणि दारातूनच गोळ्या झाडल्या. दारात काही असतं, पुठ्ठा, जाड लोखंड, काहीही, तर पोरगा कदाचित वाचला असता. नव्हतं. नुसता पत्रा होता. मैदानावर शेकडो माणसं होती, पण पोलिसांना त्यात एकही डोळस माणूस सापडला नाही. मलाही काही दिसलं नव्हतं, मला बायकोमुलं आहेत.

दारावरची भोकं मीच बुजवली. त्यानंतर पुलेंग गाडीत बसली ती उठलीच नाही. पोरगी, आणि गाडी फिरवणार? लोक हसले. मग एक दिवस तिनं पायानं स्टिअरिंग धरून कंबरेपर्यंत अंग खिडकीबाहेर काढलं आणि हसणारे गप्प झाले. मोलेफी गाडी खेळवायचा. ही गाडीला मारायची. टायर फुटून तारा बाहेर आल्या तरी थांबायची नाही. मी म्हणायचो, "पुले, गाडीनं काय घोडं मारलंय तुझं?" ती म्हणायची, "तुम्ही तुमचा हातोडा बघा, मामा."

मग फानी मेला. दुसऱ्या टोळीनं त्याला मटणाच्या दुकानासमोर, हातात भाजलेली बरगडी असताना उडवला. मी त्या दिवशी दुप्पट वजडी खाल्ली, खोटं कशाला बोलू?

पण आमच्याकडे गुंड असा गुपचूप पुरला जात नाही. शवपेटी खाली गेली की कबरीशेजारी गाडी फिरवतात, टायर फुटेपर्यंत, आणि टोळीवाले हवेत गोळ्या झाडतात. ज्याच्यासाठी गाडी फिरली नाही तो कुत्र्याच्या मौतीनं मेला, असं धरतात.

दोन दिवसांनी फानीचा धाकटा भाऊ डूमा दुकानात आला. आता टोळी त्याची. मागे चार पोरं, चौघांच्या शर्टाखाली फुगवटे.

"पुले, शनिवारी दादाला पोचवायचंय. तू यायचं. गाडी हीच."

"टायर नाहीत."

"टायरच्या दुकानात टायर नाहीत? वा गं वा! उद्या म्हणशील पाण्यात मासे नाहीत." तो बोनेटवर बसला. "दादाचा फार जीव होता हिच्यावर. जिवंतपणी मिळाली नाही. मेल्यावर तरी फिरू दे की त्याच्याभोवती."

"आणि नाही आले तर?"

डूमानं रस्त्यापलीकडे बघितलं. मा-मोलेफी तारेवर चादरी वाळत घालत होती. "म्हातारी अजून त्या पत्र्याच्या खोलीतच झोपते ना? पत्रा फार लवकर तापतो गं."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अरे लाज धर. तिच्या भावाला त्यानंच..." पुढचं तोंडातच राहिलं. पिस्तुलाचा दस्ता बसला, मी पालथा पडलो आणि जमिनीवर माझेच दोन दात मला दिसले. पुलेंगनं टायरची पहार उचलली होती. चारही पोरांनी पिस्तुलं काढली. ती तशीच उभी राहिली. मग तिनं पहार ठेवली.

"येते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरातली भांडणं अख्ख्या गल्लीनं ऐकली.

"त्या कुत्र्याच्या कबरीवर माझ्या पोराची गाडी फिरवलीस तर या घरात पाय ठेवू नकोस!"

"नाही फिरवली तर घर तरी उरेल का, आई?"

"जळू दे! माझं काय राहिलंय जळायचं?"

"मी राहिलेय ना!" पुलेंग किंचाळली.

दुसऱ्या दिवशी पुलेंग सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे आली. "मामा, मागच्या बंपरच्या आत रुळाचा तुकडा जोडून द्या. रेल्वेचा."

"वेड लागलं का? मागे एक पाना राहिला तर शिव्या घालणारी तू. शेपूट जड झालं तर कुठल्या कुठे फेकलं जाईल."

"म्हणूनच." ती हळू बोलत होती. "डूमा काठावर उभा राहतो. प्रत्येक मयतीत. गाडीचं बूड जवळून गेलं की त्यावर थाप मारतो, मर्दानगी दाखवायला. मी एकदाच वीतभर जास्त सोडणार."

"आणि मग? तुझी चाळण करतील ती पोरं."

"करू देत."

मी नाही म्हणायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. तुम्ही म्हणा. माझ्या हिरड्यांतून अजून रक्त येत होतं. मी जोडून दिला.

शुक्रवारी मा-मोलेफी शेडवर आली. गाडीला वळसा घातला, वाकली, बंपरखाली हात घालून चाचपलं. "हे काय रे भाऊ?"

"दणका बसला तर डिकी वाचावी म्हणून."

"तेबोहो, मी जन्मभर गोऱ्यांच्या घरची धुणी धुतली. डाग कशाचा आहे ते मला हात लावल्यावर कळतं." ती सरळ झाली. "पोरगी मरायलाच चाललीय ना?"

मी हातोड्याकडे बघत राहिलो. ती "बरं," म्हणाली आणि गेली. तिचा एक गेला होता, आता हीही जाणार, आणि ती नुसती "बरं" म्हणते! मला तिचा रागच आला.

शनिवारी सकाळी पुलेंग गाडी काढायला आली, तर शेजारच्या सीटवर म्हातारी बसलेली. चर्चच्या बायकांचा लाल झगा, पांढरी कॉलर, पांढरी टोपी, सगळं कडक इस्त्रीचं.

"आई, उतर."

"नाही उतरत."

"आई, पाया पडते तुझ्या. आज नको."

"माझ्या लेकाची गाडी आहे. ही जागा माझी. चल, उशीर होतोय." म्हातारीनं पट्टासुद्धा लावला.

पुलेंगनं माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावरचा सगळा रंग उतरला होता. आणि मला, देवाची शपथ, हायसं वाटलं! आई शेजारी बसल्यावर पोरगी काय मरते आणि काय मारते? वा गं म्हातारे, म्हटलं, वाचवलंस.

कबरस्तानात दारूचा आणि फुलांचा वास मिसळला होता. डूमा पेटी खाली गेल्यावर कबरीच्या काठावर उभा राहिला, पाठीशी खड्डा, हातात पिस्तूल. लाल झगा बघून हसला. "अरे, आईपण आल्या! बघा, दादासाठी प्रार्थना करायला खुद्द मा-मोलेफी!" पोरांनी हवेत बार काढले.

पुलेंगनं सुरुवात केली. असं फिरवताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मारत नव्हती. खेळवत होती, मोलेफीसारखी. शेपूट डूमाच्या गुडघ्यापासून हातभर लांबून जायचं, तो थाप मारायचा, लोक ओरडायचे. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी तेवढंच अंतर. धुरातून तिचा चेहरा दिसत होता. शांत. मला कळलं, तिनं डूमाला सोडून दिलंय.

मग तिनं दोन्ही हात वर केले. खिडकीबाहेर, पार कोपरापर्यंत. गाडी आपली आपण फिरतेय आणि हात आभाळात! लोक वेडे झाले, प्रत्येकानं फोन वर धरला. आणि गाडीची डावी बाजू नेमकी माझ्याकडे वळली म्हणून मला दिसलं, लाल बाहीतला एक हात दोन सीटांच्या मध्ये खाली गेला आणि त्यानं हँडब्रेक वर खेचला.

मागची चाकं जागच्या जागी आवळली. रुळाचं वजन होतंच. शेपूट बाहेर फेकलं गेलं आणि डूमा मांड्यांमधून मोडला. थाप मारायला उचललेला हात तसाच वर होता. तो मागे, खाली, भावाच्या पेटीवर आपटला. मानेचा आवाज मला ऐकू आला, एवढी शांतता झाली होती.

मग पोरांनी गोळ्या झाडल्या. ब्रेक कुणी खेचला ते त्यांनीही बघितलं होतं. सगळ्या गोळ्या डाव्या दारावर. पत्रा टरटर फाटत गेला. लोक कबरींवरून उड्या मारत पळत होते, एक बाई माझ्या अंगावरून गेली. पुलेंगनं फुटलेल्या टायरांवर, ठिणग्या उडवत, क्रॉस आडवे करत गाडी फाटकाबाहेर काढली.

दवाखान्यात मी पोचलो तेव्हा ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. हात रबरानं काळे, त्यावर वाळलेलं रक्त. आतून चादर ओढलेला स्ट्रेचर निघाला, तिनं तिकडे बघितलं नाही. पोलिसांनी तिला दोन प्रश्न विचारले आणि सोडून दिलं. दहा-वीस फोनांमध्ये तिचे हात आभाळात दिसत होते. टोळीतलं कुणी तिच्या वाटेला नंतरही गेलं नाही, तिनं काही केलंच नव्हतं.

मी शेजारी बसलो.

"मामा, मी त्याला सोडून दिलं होतं. ती गाडीत बसली तेव्हाच. घरी नेऊन तिला सांगणार होते."

"कळलं होतं मला, पोरी."

"तिला नाही कळलं." तिनं तळहात उलटे करून बघितले. "म्हणाली, पुले, हात वर घे, सगळ्यांना दिसू देत. मोलेफी घ्यायचा ना तसे. आयुष्यात पहिल्यांदा, मामा. मला वाटलं, ती माझं कौतुक करतेय."