टेपमावशीची नात

"मोजे काढा, मावशी."

"अगं, गारठेल ती!"

"आणि हे दुपटं? दुपट्यासकट वजन करायचं?"

"दुपटं ते काय, नुसती हवा आहे."

"मग काढा की! हवेला कुठे वजन असतं?"

वजनकाट्याच्या अल्याड चिमणी सिस्टर, पल्याड मावशी. आणि मावशीच्या हातात, आपल्यावरून रणकंदन माजलंय याची गंधवार्ताही नसलेली नात, जांभई देत होती. खाटेवरून तिची आई, म्हणजे मावशीची लेक, गालातल्या गालात हसत होती.

खरं तर या खोलीत मावशीला कोणी असं सुनावावं, हेच आक्रीत. नवजात बाळांच्या या वॉर्डात तिचे केस पिकले. गळ्यात कायम मोजायची टेप, म्हणून सगळे तिला टेपमावशीच म्हणत. घरी भोपळा चिरायचा तरी आधी त्याच्याभोवती टेप गुंडाळून बघेल, अशी तिची ख्याती. टेप जरा ताणली गेली असं वाटलं की ती कात्रीने कच्चकन कापून टाकायची. "ही बाळाचं डोकं लहान दाखवेल आणि आई उगाच रडत बसेल," म्हणायची.

आणि आज्यांचा तर तिने धसकाच घेतलेला. कोणी टोपी काढू देत नाही, कोणी मोजे काढू देत नाही. गारठेल, नजर लागेल, सर्दी होईल. म्हणून मावशीने नियमच केला होता: मोजताना आजी दाराबाहेर. चिमणी नवीन लागली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "माया आली की टेप ढिली पडते, लक्षात ठेव."

चिमणीने लक्षात ठेवलं होतं, हीच तर पंचाईत.

नात महिनाभर आधीच जगात आली होती, मूठभर. जन्मल्यावर थोडं वजन उतरतंच, तसं उतरलं. पण मग काटा जो अडून बसला तो हलेना. डॉक्टरीणबाई काल सांगून गेल्या, आज वजन वाढलं तर घरी, नाहीतर मुक्काम इथेच. घरी पाळणा पुसून तयार होता. मावशी आज रजा टाकून पहाटेच आली होती. अंगात गणवेश नव्हता, पण टेप होतीच.

"मीच करते वजन," ती शेवटचं म्हणाली.

"तुम्ही आज आजी आहात. दाराबाहेर."

"आई, जा ना गं," लेक म्हणाली. "तूच तर आयुष्यभर लोकांच्या आयांना हाकललंस."

"तू गप्प पड. बाळंतिणीने बोलू नये जास्त."

अखेर तडजोड झाली. मावशीने आत थांबायचं, पण हात मागे बांधून. मोजे उतरले, दुपटं उतरलं. उघडी नात काट्यावर गेली आणि तिने असे पाय झाडले की आकडे नाचायला लागले. चिमणी थांबली. आकडा स्थिरावत आला. दोन हजार दोनशे पंधरा! काल दोन हजार एकशे ऐंशी होता.

"वाढलं!" मावशी ओरडली, आणि त्याच क्षणी नातीने काट्यावरच धार सोडली.

"अगं अगं, थांब! ग्रॅम चालले!"

लेक हसता हसता पोट धरून कळवळली.

"आधीचा आकडा धर, चिमणे. दिसला ना तुला?"

"पुसून पुन्हा."

"माणूस आहेस की दगड?"

"तुमचीच शिष्या आहे."

मावशीने डोळे मिटून घेतले. इतक्या बाळांची वजनं केली, पण असा जीव टांगणीला कधी लागला नव्हता. कापडाची खसखस, नातीची कुरकुर, मग शांतता.

"दोन हजार दोनशे," चिमणी म्हणाली. "कोरडं वजन. वीस ग्रॅम वाढ. घरी जा."

मावशीने डोळे उघडले ते भरलेलेच. पण चिमणी कुठली सोडतेय! लांबी राहिली होती आणि फळीवर ती मोजायला दोघी लागतात. "या, डोकं धरा. आकडा मी वाचणार." मावशीने नातीचं डोकं ओंजळीत धरून फळीला टेकवलं, चिमणीने गुडघे हलकेच सरळ केले, आणि नातीने दोघींच्या नावाने टाहो फोडला. मग कपाळावरून डोक्याचा घेर. टेप मावशीची, हात चिमणीचे. सगळं ठाकठीक.

डॉक्टरीणबाई येऊन सही करून गेल्या. मावशीने नातीला दुपट्यात गुंडाळलं, मोजे चढवले, उराशी घेतलं. लेक पिशवी उचलून हळूहळू पुढे झाली.

"मावशी, एक मिनिट." चिमणीने खिशातून इवलीशी लोकरीची टोपी काढली. "सकाळी मी कामावर आले तेव्हा ही काट्याच्या मागे पडली होती."

मावशीने टोपीसाठी हात पुढे केला.

"गुपचूप वजन केलंत ना? आता तरी सांगा, मोजे, टोपी, दुपट्यासकट किती भरली होती?"

मावशीने टोपी घेतली, नातीच्या डोक्यावर कानापर्यंत ओढली, आणि मान ताठ ठेवून दाराबाहेर चालू लागली.