कालवड व्याली म्हंजी जा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लग्न होऊन मी महाळुंगे पडवळला आले आणि त्याच आठवड्यात घरची जर्सी गाय व्याली. नव्या सुनेच्या पायगुणानं कालवड झाली म्हणून कौतुक झालं. सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणायचे, सगळा चीक काढून खरवस केला आणि भावकीत घरटी एक वाटी द्यायला मलाच धाडलं. मीही नटूनथटून वाटून आले. गोठ्यात वासरू थरथरत उभं होतं. त्याच्या पोटात चार घोटही गेले नसतील.

मला मंचरला नर्सिंगचा कोर्स करायचा होता. बारावीचे मार्क चांगले होते, लग्न ठरवताना शिकू देऊ असा शब्दही दिलेला होता. पण गोठा माझ्या गळ्यात पडला. शेण, वैरण, धारा, डेअरीची किटली. मी विषय काढला की आत्या गोड बोलायच्या.

"जा की. मी काय नगं म्हनतीय व्हय? ही कालवड व्याली, दूध वाढलं, म्हंजी कामाला बाई लावू. मग खुशाल जा."

नवरा दिवसभर टेम्पोवर. त्याला विचारलं की म्हणायचा, "आई सांगल तसं." थोडक्यात, माझी सुटका त्या कालवडीच्या कासेत अडकली होती.

आणि तिला वाढू तर कोण देतंय? दूध सगळं डेअरीला, तिला पाणचट पेज. पोट नगाऱ्याएवढं, पाय नुसत्या काटक्या. मला तिची दया यायची आणि रागही यायचा. तिच्या बरोबरीच्या कालवडी माजावर यायला लागल्या तरी ही आपली वासरूच.

मग मी चोरी सुरू केली. आत्या देवळात गेल्या की दुभत्या गायीच्या वाट्याचा मक्याचा भरडा ओंजळी भरभरून तिच्यापुढे टाकायचे. खाल्लं की वाढेल, वाढली की व्याईल, व्याली की मी सुटेन, एवढा साधा हिशेब. ती गोल गरगरीत झाली. पाठीवरून हात फिरवला तर बरगडी लागेना. गल्लीतले म्हणायचे, "वहिनी, कालवड लई नामी राखलीय राव." मी आतून फुलायचे. पुढे ती गाभण राहिली तशी मी कोर्सचा फॉर्म आणून ट्रंकेत ठेवला.

व्यायच्या वेळी वासरू अडलं. घोडेगावहून जनावरांचे डॉक्टर आले आणि त्यांनी कोपरापर्यंत हात घालून ते ओढून काढलं. पुन्हा कालवडच. मी धार काढायला बसले. कास भरदार दिसत होती, पण चरवीचा तळ जेमतेम झाकला. डॉक्टरांनी कास चाचपून पाहिली.

"दूध बेताचंच राहील. लहानपणी हिला उपाशी ठेवलंय आणि कास घडायच्या वयात नुसता भरडा चारलाय. आत चरबी भरलीय. आता कितीही पेंड घाला."

"भरडा? आमी न्हाई बाई कवा घातला," आत्या म्हणाल्या.

मी मान वर केली नाही. उपाशी त्यांनी ठेवलं, पण कास मी बिघडवली होती, माझ्याच हातांनी. आत्यांचाही कधी आला नव्हता इतका राग मला स्वतःचा आला.

डॉक्टर गेल्यावर आत्यांनी चरवीकडे हात केला. "आण इकडं. चमचा चमचा का व्हईना, भावकीत खरवस द्याया पायजे."

मी चरवी दिली नाही. वासराच्या तोंडात बोटं घालून त्याला चीक पाजायला लागले. वाटलं, आता तोंडाला तोंड लागणार. पण आत्या उंबऱ्यावर टेकल्या आणि वासराकडे बघत त्याच गोड आवाजात म्हणाल्या, "पाज, पाज. ही व्याली म्हंजी जा मग."

ट्रंकेतल्या फॉर्मवर वयाची अट होती. तोवर मी त्या अटीच्या पार पलीकडे गेलेली असणार होते. वासरू माझी बोटं चोखत राहिलं आणि चरवी रिकामी होईपर्यंत मी त्याला पाजत राहिले.