काकांचं शून्य

उजेडासमोर धरून पाहता येणार नाही अशी वस्तू देवानं घडवलीच नाही, असं आमच्या लॅबमधल्या काकांचं ठाम मत होतं. पनवेलच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि काका लॅब असिस्टंट. पण खरं सांगायचं तर लॅब त्यांची, आम्ही सगळे तिथले पाहुणे. चहाचा ग्लास ते आधी खिडकीकडे धरणार, एक डोळा मिटणार, "पत्ती कमी हाय" म्हणणार आणि मगच ओठाला लावणार. विचुंब्याच्या एका लग्नात त्यांनी भर पंगतीत कोकम सरबताचा ग्लास ट्यूबलाइटकडे उचलला, तेव्हा आत झुरळच निघालं असं वाटून नवरीचा मामा हात जोडून उभा राहिला. "काय नाय, कोकम निम्मंच घातलंय," काका म्हणाले. चाखून तरी बघा, असं मी सुचवलं. "मॅडम, जीभ खोटं बोलते. उजेड नाय बोलत."

त्यांचं दैवत म्हणजे उजेड मोजणारं आमचं जुनं यंत्र. द्रावणातून उजेड सोडायचा. द्रावणानं जितका गिळला, तितका त्यात माल. द्रावण भरायच्या इवल्याशा काचेच्या नळीला कुणाचं बोट लागलं की काका अंगावर येत, कारण बोटाचा डागही उजेड गिळतो. ती पुसायला त्यांनी स्वतःच्या लग्नातलं धोतर फाडलं होतं. आणि सगळ्याआधी शुद्ध पाणी घालून काटा शून्यावर आणायचा. "शून्य चुकलं तं सगलं चुकलं," हे वाक्य मुलं त्यांच्या आवाजात म्हणून दाखवत.

काकांचं घर आपट्याला. आई लहानपणीच गेली, थोरल्या वहिनीनं वाढवलं. घरच्या विहिरीचं पाणी ते रोज कॅनमधून आणत, नळाच्या पाण्याला तोंड लावत नसत. गावच्या विहिरींत क्रोमियमचं विष उतरल्याची कुणकुण लागली आणि पाण्याचे नमुने आमच्याकडे आले, नेमकं त्याच दिवशी शुद्ध पाणी काढायचं यंत्र जळलं. "शून्याला आमचे हिरीचं पानी घेतो, मॅडम. त्याच्याहून शुद्ध काय हाय?" काका म्हणाले. मी हसून मान डोलावली. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. विहिरीच्याच पाण्यावर शून्य लावलं, मग विहिरींच्या पाण्यात यंत्राला काय सापडणार? पाणी चांगलं असल्याचं आम्ही लिहून दिलं आणि गाव निर्धास्तपणे तेच पाणी पीत राहिलं.

आठ महिन्यांनी शुद्ध पाण्याचं नवं यंत्र आलं. काकांनी सहज त्या पाण्यावर शून्य लावून आपल्या कॅनमधलं पाणी तपासलं. नळी काढली, पुसली, परत ठेवली. तीनदा. मग संध्याकाळपर्यंत स्टुलावरून उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी गावात जाऊन चूक कबूल केली, विहिरी बंद झाल्या. वहिनी तेव्हा पनवेललाच हॉस्पिटलात डायलिसिसवर होत्या. पाण्यानंच झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण ते काकांना कोण पटवणार? आणि वहिनीला सांगायचा धीर त्यांना होईना.

वहिनी हॉस्पिटलचं पाणी प्यायच्या नाहीत. "माजे भावजीनं तपासलेलं पानी आना," हा एकच हट्ट. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेले, तर काका जिन्याखाली उभे राहून विकतच्या बाटलीतलं पाणी नव्या कॅनमध्ये ओतत होते. वर जाऊन त्यांनी वहिनींना मोजके दोन घोट पाजले. वहिनींनी डोळे मिटले. "आपले हिरीची गोडी कुठंच नाय," त्या म्हणाल्या. काका फक्त "हां" म्हणाले.

हल्ली काका चहा खाली मान घालून पितात. परवा मी मुद्दाम विचारलं, "काका, पत्ती बरोबर पडलीय का?"

"तुमीच बगा, मॅडम," ते म्हणाले आणि ग्लास विसळायला गेले.