अजून एक फेरी हाय!

ऋतुराज नावाचा पोरगा परवा आमच्याकडं आला. जुन्या गाड्यांचा कसला तरी क्लब आहे म्हणे त्यांचा. त्यांना आमच्या ह्यांचा सत्कार करायचा होता, आणि फ्लेक्सवर काय छापायचं ते विचारायला तो आला होता. मोबाइलमध्ये लिहूनच आणलं होतं पठ्ठ्यानं: ‘कोल्हापुरातल्या पहिल्या रेसचे विजेते’. मी चहा ठेवता ठेवताच म्हटलं, “खोड ते. हे जिंकले न्हाईत. हातातली रेस ह्यांच्या तालमीनं घालवली.”

हे, म्हणजे पिराजी, खुर्चीत बसून गालातल्या गालात हसत होते. पूर्वी मी नवऱ्याचं नाव घेत नव्हते. आता साठी उलटली, नातवंडं झाली, आता कुणाला भ्यायचं? घेते.

“बस खाली,” मी त्या पोराला म्हटलं. “सगळं ऐकून जा, मग छाप काय छापायचं ते.”

केरबा वस्ताद माझे सासरे. मंगळवार पेठेतली निम्मी पोरं त्यांनी तालमीच्या मातीत लोळवून माणसात आणली. आपला पिराजी मोठा पैलवान होणार हे त्यांनी तो पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. बदाम, थंडाई, दूध, सगळा खुराक चालू. पण हे पोरगं शाळा सुटली की उद्यमनगरातल्या गॅरेजात जाऊन बसायचं आणि तेलकट हातांनी घरी यायचं. एका जत्रेत वस्तादांनी शब्द देऊन ह्यांची कुस्तीची जोड ठरवली. मैदान भरलं, नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, पण पैलवानाचा पत्ताच न्हाई! हे कुठं? तर पुण्यात, कुणाच्या तरी रेसच्या गाडीखाली पाठीवर पडून नट आवळत होते.

भर मैदानात वस्तादांची मान खाली गेली. त्या दिवसापासून त्यांनी लेकाशी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे टाकलं, आणि तेही एका घरात राहून.

मी सून म्हणून आले तेव्हा हा तमाशा जोरात होता. सासरे म्हणायचे, “सूनबाई, तुमच्या मालकांना सांगा, नळाला पाणी आलंय.” मालक हातभर अंतरावर दाढी करत बसलेले! मी वळून म्हणायचे, “अहो, नळाला पाणी आलंय.” हे म्हणायचे, “आबांना सांग, बघतो.” दोघांच्या मधे मी आपली पोस्टमन. डोकं असं फिरायचं की दोघांना एका दोरीनं बांधून ठेवावं वाटायचं. पण मी स्वयंपाकघरात एकटी सापडले की हे हळूच यायचे आणि विचारायचे, “आबा काय म्हणाले का गं माझ्याबद्दल?”

“म्हणाले की. नळाला पाणी आलंय.”

हे हसायचे. पण दुसऱ्या दिवशी परत विचारायचे. कप मिळाला, पेपरात नाव आलं, गल्लीत कौतुक झालं, तरी ह्यांना हवा होता तो बापाच्या तोंडचा एक शब्द. मला वाईट तर वाटायचंच, पण रागही यायचा त्या म्हाताऱ्याचा.

माझं माहेर कसबा बावड्याचं. आमची गाठ कशी पडली तेही ऐका. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांतून पाला सांडलेला असायचा. त्या पाल्यावर गाडी मुद्दाम घसरवायची आणि सावरायची, हा ह्यांचा सराव. एकदा काही ती सावरली न्हाई, थेट आमच्या शेतातल्या कडवळात घुसली. माझे वडील हातात विळा घेऊनच धावले. “ओ पावणं, रस्ता तिकडं हाय!”

“व्हय की मामा,” हे काचेतून डोकं काढून म्हणाले, “तिकडंच निघालतो!”

वडिलांचा विळा तसाच राहिला, त्यांना हसू आवरेना. बैल जुंपून गाडी काढली, ह्यांना ताक पाजलं, आणि त्याच वर्षी मला पण दिली.

तेव्हाच्या रेसच्या गाड्या आजच्यासारख्या नव्हत्या बरं का. रस्त्यावर धावते तीच गाडी पळवायची. इंजिन कंपनीतून आलं तसंच ठेवायचं, त्याला हात लावायचा न्हाई, असा नियमच होता. आमची फियाट लग्नसराईत नवरदेव मिरवायची आणि रविवारी कुठल्या तरी माळावर धूळ उडवायची. मागची सीट काढून ठेवायची, तिच्यावर आमच्या घरी पाहुणे बसायचे. दारं उघडू नयेत म्हणून दोरीनं बांधायची. कमरेचा पट्टा ह्यांच्या दोस्तानं, इचलकरंजीच्या नृसिंहनं, आपल्या यंत्रमागाच्या शेडमधून आणून दिला होता, चांगला जाडजूड. एकदा रेस चालू असताना ह्यांच्या पायात काय अडकलं म्हणून बघितलं, तर आदल्या दिवशीच्या नवरदेवाच्या मुंडावळ्या! तरीसुद्धा तिसरे आले. कधी दुसरे, कधी तिसरे, असे कप घरात येत राहिले. मी त्यांनी डाळ मोजायचे.

मग एका वर्षी रेस कोल्हापुरातच ठरली. गावाबाहेरचा माळ, कडेनं कडब्याच्या पेंढ्या लावलेल्या, आणि पुण्या-मुंबईचे गडी काळे चष्मे लावून आलेले. पहिला येईल त्याला दक्षिणेतल्या मोठ्या रेसला पाठवणार होते. त्याच आठवड्यात सासऱ्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, “सूनबाई, ते मोटारीचं मैदान कुठं भरणाराय म्हणं?”

हे समोरच जेवत होते. त्यांचा घास तोंडातच राहिला. मी पत्ता सांगितला, सासऱ्यांनी नुसतं “हं” केलं. तेवढ्यावर ह्यांनी उरलेली भाकरी तशीच ठेवली आणि गाडी पुसायला गेले.

वस्ताद आले, पण एकटे कसले येतात! सगळी तालीम ट्रक भरून आली. हलगीवाले, गुलालाची पोती, कृष्णातसारखे दारातून आडवे होऊन जावं लागणारे पैलवान. माझ्याकडं काळी पाटी होती. गाडी समोरून गेली की किती फेऱ्या उरल्या तो आकडा खडूनं लिहून वर धरायचा, एवढंच माझं काम. पुण्याच्या गड्याची लाल गाडी पहिल्यापासून पुढं आणि आमचे हे तिच्या मागं चिकटलेले, बाकीच्या गाड्या कधीच बंद पडलेल्या. मी दोनचा आकडा लिहिला. 

त्या फेरीत लांबच्या वळणावर लाल गाडी घसरली आणि तोंड खुपसून पेंढ्यांत बसली. हे तसल्याच मातीवर गाडी तिरकी करत तिच्या बाजूनं निसटले. मी आनंदानं उडीच मारली आणि पाटीवर एक लिहिला.

आता बघा आमच्या लोकांची अक्कल. कुस्तीत गडी पाठीवर पडला की कुस्ती संपली. त्याला उठवून ‘चला, परत एकदा’ असं कुणी म्हणतं का? तालमीनं बघितलं, पुण्याचा गडी पेंढ्यांत पडलाय. कुणीतरी ओरडलं, “चितपट!” झालं! हलगी कडाडली आणि अख्खी तालीम धावपट्टीवर उतरली. समोर माणसं आल्यावर ह्यांनी ब्रेक दाबला, दुसरं करणार काय! दार दोरीनं बांधलेलं, म्हणून खिडकीतून ओढून बाहेर काढलं. गुलाल उधळला, कुणीतरी खांद्यावर घेतलं, डोक्यावर फेटा.

मी पाटी घेऊन त्या गर्दीत शिरले. “अरं मुडद्यांनो, सोडा त्यांना! अजून एक फेरी हाय! एक फेरी!” रेसवाले शिट्ट्या मारतायत, निशाणवाला कपाळ बडवून घेतोय, आणि कृष्णात मलाच पेढा भरवतोय! तेवढ्यात पुण्याच्या माणसांनी लाल गाडी ढकलून बाहेर काढली. ती गर्दीतून वाट काढत आली. आमच्या लोकांनी बाजूला सरून तिला वाट दिली, वर काचेवर गुलाल टाकला. त्यानं उरलेली फेरी निवांत मारली आणि निशाणाखालून गेला.

जिंकला तो. नियम म्हणजे नियम. दक्षिणेला तोच गेला, आणि ह्यांना तशी संधी परत आली न्हाई. पुढं दोन-चार वर्षं पळवली गाडी, मग गॅरेजात रमले. तालमीच्या एकाही माणसाला मी वर्षभर दारात उभं केलं न्हाई, चहा तर सोडाच. त्या दिवसापासून बापलेक मात्र बोलायला लागले, ते खरं. कसे आणि कशावरून, ते दोघांपैकी कुणी मला सांगितलं न्हाई. सासरे गेले तरी न्हाई.

ऋतुराज सगळं ऐकून घेऊन ह्यांच्याकडं वळला. “पण आजोबा, लाल गाडी येईपर्यंत वेळ होता की. तुम्ही खाली का नाही उतरलात?”

“अरे, त्या हलगीत माझं ओरडणं त्यांना कुठलं ऐकू येतंय!” मी म्हटलं.

“आलं की,” हे म्हणाले. “पाटीपण दिसली. एक.”

मी कप खाली ठेवला. चाळीस वर्षं मी कृष्णातला शिव्या घालत होते.

“मग उतरला का न्हाई तुम्ही?”

“कसा उतरू? आबांच्या खांद्यावर होतो मी.” ह्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “त्यांनीच उचललं होतं मला. एवढ्या वयात. मी उतरणारच होतो, तर मान वर करून म्हणाले, ‘वाळलास की रं पिरा.’ म्हटलं, व्हय आबा. तेवढ्यात ती लाल गाडी शेजारनं गेली. जाताना बघितली मी तिला.”



“वाळला होता कुठं!” मी ओरडले. “रोज तांब्याभर दूध देत होते मी!” दुसरं काही सुचलंच न्हाई मला. मग त्या पोरासमोरच रडू फुटलं.