शक्कीभाईची साक्षीदार

कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलं की माणसं आधी कार्ड बघतात. शक्कीभाई आधी विकणाऱ्याची आई घरी आहे का ते बघायचा. टपरीवर किंवा पेट्रोल पंपावर सौदा करायला तो कधीच तयार नसायचा. घरीच येतो म्हणायचा, बसल्या बसल्या पाणी मागायचा आणि पाणी घेऊन आलेल्या माउलीला सहज विचारायचा, "काकू, पोरगं लई वेळ बसतं का हो कॉम्प्युटरवर?" विकणारा खोटं बोलतो, खोक्यावरचं स्टिकर खोटं बोलतं, पण पोराच्या कॉम्प्युटरबद्दल आई खोटं बोलत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याचं खरं नाव सलीम, पण ते फक्त त्याची अम्मी वापरायची. वाळूजच्या कारखान्यात आम्ही दोघं बरोबर होतो. तिथं तयार मालातली खोट शोधायचं काम त्याच्याकडं होतं आणि ती सवय तो डब्याबरोबर घरी घेऊन जायचा. सीलबंद पाण्याची बाटलीसुद्धा उलटी करून बघितल्याशिवाय प्यायचा नाही.

मी त्याच्या तावडीत सापडलो तो फसल्यावर. स्वस्तात मिळालं म्हणून एक कार्ड घेतलं होतं. कॉम्प्युटर त्याचं नाव नवं आणि भारी दाखवायचा, पण गेम सुरू केला की चित्र जागचं हलायचं नाही. शक्कीभाईनं ते नाकाला लावून हुंगलं, स्क्रूवरच्या ओरखड्यांवरून नख फिरवलं आणि सांगितलं, की कार्ड जुनंच आहे, कुणीतरी आतलं नाव तेवढं बदललंय. "भाव कमी असला की खूश नाय व्हायचं," तो म्हणाला. "कारण विचारायचं." घरी आणखी एकदाच घ्यायची परवानगी मी कशीबशी मिळवली. पुन्हा फसलास तर कॉम्प्युटरच भंगारात देईन, असं वडिलांनी बजावलं होतं.

मग आमची वणवण सुरू झाली. चिकलठाण्याच्या एकानं परीक्षा आहे म्हणून विकतोय, फारसं वापरलेलं नाही, असं सांगितलं. कार्ड चकचकीत होतं, भावही झकास होता, माझा हात खिशाकडं गेलासुद्धा. तेवढ्यात शक्कीभाईनं पाणी मागितलं. त्या मुलाची आई करवादली, "वापरत नाय कसा? रात्रंदिवस घरघर चालू असते. त्या खोलीत इतकं तापतं की यंदाचे पापड मी तिथंच वाळवले." इंटरनेटवरचे आभासी पैसे कमवायला त्या पठ्ठ्यानं कार्ड अक्षरशः भाजून काढलं होतं. आम्ही पापडांचं कौतुक केलं आणि निघालो.

असे कितीतरी सौदे त्यानं मोडले. मी वैतागायचो. कार्ड नसल्यामुळं दर सुट्टीला मी खुलताबादला त्याच्या घरी खेळायला जायचो, त्यामुळं पुढं पुढं मला त्याचाच संशय यायला लागला. मला कार्ड मिळूच नये, असं तर नसेल याच्या मनात?

मग त्याची चाकणला बदली झाली. निघायच्या आधी त्यानं मला बोलावलं आणि स्वतःचं कार्ड काढून पुढ्यात ठेवलं. भाव इतका कमी सांगितला, की मी लगेच कारण विचारलं.

"तिकडं खोली लहान हाय. कॉम्प्युटर ठेवायला जागा नाय."

बाकीचा कॉम्प्युटर मात्र टेम्पोत चढवायला दोरीनं बांधून दारात ठेवलेला होता. मी तिकडं बघितलं. मी बघतोय हे त्यानंही बघितलं.

"माझ्यावर पण भरोसा ठेवू नको," तो म्हणाला. "अम्मीला विचार."

अम्मी पाणी घेऊन आलीच होती. सलीम किती वेळ खेळतो, असं मी तिला विचारलं.

"तू आया तभीच चालू करता, बेटा. अकेला कायको खेलेगा?"

शक्कीभाई मान खाली घालून कार्डावर नसलेली धूळ पुसत बसला. खोलीचं कारण खोटं होतं, हे त्यानंच शिकवल्यामुळं मला स्पष्ट दिसत होतं. पण त्या दिवशी मी पुढं काहीच विचारलं नाही. त्यानं सांगितले तेवढे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले.

कार्ड अजून उत्तम चालतं. परवा शेजारचा एक मुलगा ते विकतोस का म्हणून विचारायला आला. मी नाही म्हणायच्या आतच, त्याला पाणी द्यायला आलेली माझी आई म्हणाली, "घे की रे. नव्यासारखंच हाय. दोस्त चाकणला गेल्यापासून कुठं खेळतोय हा."