फुप्फुसासाठी चार फूट

शनिवार, १९ एप्रिल, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी एका बोकडाच्या फुप्फुसासाठी खड्डा खणावयास घेतला. बोकड त्या वेळी जिवंत होता आणि खड्ड्याकडेच पाहत होता.

तो जत्रेचा दुसरा दिवस. मांडवगण फराट्यात या दिवशी घरोघर बोकड पडतो. आतडी, फुप्फुस वगैरे जे नको असते ते कुंपणापलीकडे कुत्र्यांना भिरकावले जाते. मुक्या जिवाला घास घातल्याचे समाधान मिळते. सत्तर वर्षे मीही ते मिळवले.

मात्र आठ दिवसांपूर्वी आमच्या बिस्कीटला (हे कुत्र्याचे नाव आहे, माझी संमती घेतलेली नव्हती) दौंडला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले होते. त्यांनी जंताची गोळी दिली आणि विचारले, "घरात लहान मूल आहे?"

आहे. नात ओवी, वय साडेचार. ती बिस्कीटला मिठी मारते आणि तोच हात तोंडात घालते.

"मग ऐका, आजोबा. बोकडाच्या काळजात, म्हणजे यकृतात, आणि फुप्फुसात कधीकधी पाण्याचे फोड असतात. कुत्र्यानं ते कच्चे खाल्ले की त्याच्या आतड्यात बारीक जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून अंगणात येतात, केसांना चिकटतात, तिथून मुलांच्या हाताला लागतात आणि पोटात जातात. मग तसलाच फोड माणसाच्या काळजात वाढतो. वर्षानुवर्षं कळत नाही. कळतो तेव्हा ऑपरेशन करावं लागतं."

घरी येऊन मी हे सर्व जसेच्या तसे सांगितले. ही चूक झाली! सूनबाई वैशालीने जागच्या जागी निकाल दिला.

"आबा, जत्रेत त्यानं एक जरी कच्चा तुकडा खाल्ला, तर दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी कारेगावला. माझ्या भावाकडं. कायमची."

ओवीने तीन दिवस रडून निषेध नोंदवला. चौथ्या दिवशी मी म्हणालो, "एकाही कुत्र्याला एकही तुकडा मिळणार नाही." हे बोलताना चाळीस पाहुणे आणि गावातील कुत्री मी हिशेबात धरली नव्हती.

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षे काढल्यामुळे खोदकामाच्या मापात मी तडजोड करीत नाही. खोली चार फूट, रुंदी अडीच फूट, कडा सरळ. शेजारच्या लिंबाच्या झाडाला मी कागद टाचला: १. अवशेष. २. चुना. ३. माती. क्रम बदलू नये.

आठ वाजता व्याही आले. केडगावचे आप्पा, म्हणजे वैशालीचे वडील. हा गृहस्थ हसल्याशिवाय चपलाही काढत नाही.

"काय पाव्हणं, पाइपलाइन टाकताय व्हय?"

"बोकडाचे अवशेष पुरायचे आहेत."

"अवशेष! आवो, बोकाड हाय का पुढारी?"

"कुत्र्यांना द्यायचे नाहीत. नियम आहे."

"कुनाचा?"

"माझा."

"कुत्र्याच्या तोंडचा घास काढताय, आन् त्यो बी जत्रंत!"

मी त्यांच्या हातात फावडे दिले आणि कागद तीनदा मोठ्याने वाचून घेतला.

साडेनऊला रशीदमामांनी बोकड उघडला. चाळीस वर्षे गावाचे बोकड तेच कापतात. त्यांनी हाक मारली, "आबा, जरा हिकडं या. ह्योच का त्यो फोड?"

काळजावर हरभऱ्याएवढे दोन फोड होते. फुप्फुसावर लिंबाएवढा एक. आत स्वच्छ पाणी. आप्पांचे हसू थांबले. (पाच सेकंद.)

"मंजी काळजाची भाजी न्हाई म्हना की!"

काळीज, फुप्फुस, आतडी सर्व मी घमेल्यात घेतले. बांधावर एव्हाना कुत्री जमली होती. मी मोजली. एकोणीस. बिस्कीट गोठ्यात साखळीला. गोठा ते खड्डा अंतर चाळीस पावले, आणि मला नेमके गोठ्यावरूनच जायचे होते. विसाव्या पावलाला मागे खळखळ ऐकू आली. बिस्कीट खुंट्यासकट निघाला होता!

ओटीवरून ओवी किंचाळली, "आबा, पळा!"

एकाहत्तराव्या वर्षी मी पळालो. (खात्यात असताना कधी पळालो नव्हतो, कंत्राटदार पळत.) पुढे मी, मागे बिस्कीट, त्यामागे साखळी, खुंटा आणि बांधावरून उतरलेली एकोणीस. खड्ड्याच्या काठावर थांबायचे असे मी ठरवले होते. काठाने मात्र तसे ठरवले नव्हते. उकरलेली माती पायाखालून सरकली आणि मी घमेल्यासकट सरळ आत उतरलो. मापात बरोबर बसलो! घमेले उलटले, यकृत पोटरीवर, आतडी पायाभोवती. कमरेच्या वर मी, कमरेखाली सर्व अवशेष, आणि काठाभोवती वीस तोंडे.

मुलगा दत्ता धावत आला. "आबा, हात द्या! वर या!"

"नाही. मी वर आलो की कुत्री खाली येतील. क्रम चालू ठेव."

"आवो, तुम्ही आत हाय!"

"मी क्रमांक एकमध्ये आहे. पुढचा क्रमांक घ्या!"

नऊ वर्षांच्या सोयरिकीत आप्पांनी माझे कधी ऐकले नव्हते. त्या दिवशी ऐकले. अर्धी गोणी चुना माझ्यावरून ओतला गेला. मिश्या, भुवया, टोपी, सर्व पांढरे. वीस कुत्री एकदम शिंकली.

"आता माती! जोरात!" मी ओरडलो.

या ओरडण्यात माझी कवळी सुटली. वरची आणि खालची, दोन्ही. ती काळजाच्या शेजारी जाऊन पडली. हात वर केला असता तर फावडी थांबली असती. पण कवळी शोधायची म्हणजे सर्व उपसून वर काढायचे, आणि बिस्कीटचे नाक काठावरून वीतभर आत आलेले होते. मी हात खालीच ठेवला. पहिले फावडे पडले.

गुडघ्यापर्यंत माती आली. अवशेष दिसेनासे झाले. तेव्हा कुठे मी दोन्ही हात वर केले. दत्ताने आणि आप्पांनी बगलेत धरून मला उपटले. चपला आतच राहिल्या. खड्डा काठोकाठ भरला, माती ठोकून घट्ट केली, वर सात दगड ठेवले. वीस कुत्र्यांपैकी एकालाही एक तुकडा मिळाला नाही! बिस्कीटने दगड हुंगले आणि तो लिंबाखाली जाऊन बसला.

वैशाली पाण्याची नळी आणि साबण घेऊन दहा हातांवर उभी होती. "आबा, तिथंच थांबा. घरात यायचं नाही." भर अंगणात तीन आंघोळी झाल्या. पाहुणे खुर्च्या ओढून बसले.

"आई," ओवीने विचारले, "बिस्कीटनं काहीच खाल्लं नाही. पण आबांच्या अंगाला लागलंय. मग आबांना कारेगावला पाठवायचं?"

"पाठवू की!" आप्पा म्हणाले. "माजी गाडी हाय. वाट वाकडी करून सोडतो!"

वैशाली बराच वेळ पदरात हसली. मग म्हणाली, "कुणी कुठं जायचं नाही. बिस्कीट हितंच राहील."

ओवीने हात धुतले. (मी धुवून घेतले.) मग बिस्कीटला मिठी मारली आणि परत धुतले.

दुपारी दत्ताच्या लक्षात आले. "आबा, तुमची कवळी?"

मी सात दगडांकडे बोट दाखवले.

"उकरू?"

मी मान हलवली. भरलेला खड्डा उघडायचा नसतो.

संध्याकाळी सात वाजता पंगत बसली. माझ्या ताटात मटणाच्या सहा फोडी पडल्या. त्या पुरत्या शिजल्याची मी बोटाने दाबून खात्री केली, हाडे वेगळी काढली, मांस बिस्कीटच्या भांड्यात घातले, साबणाने हात धुतले आणि भाकरी रश्श्यात भिजत घातली.